वाचकांचे प्रश्न : युद्धकाळातील प्रचार आणि लोकशाहीतील लोकमत

युद्धाच्या बातम्यांमधील खरे काय आणि खोटे काय, अशा आशयाची बरीच पत्रे या सदराकडे आली आहेत. त्यांपैकी सात येथे घेतली असून जागेअभावी ती थोडी संक्षिप्त केली आहेत. दोन-तीन उत्तरे लांबली आहेत, कारण हा विषय दोन ओळींत उरकला तर विचारणाऱ्यांवर अन्याय होईल असे मला वाटते.

हुकूमशाहीत वृत्तपत्रे सरकारच्या मुठीत असतात, त्यामुळे तिथे लोकांची दिशाभूल कशी होते ते कळते. पण जिथे वृत्तपत्रे स्वतंत्र आहेत, विरोधी पक्ष आहे, न्यायालये आहेत, तिथे अख्ख्या देशाचे मत काही महिन्यांत युद्धाच्या बाजूने कसे वळते? (एक निवृत्त शिक्षक)

आपल्या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण पहिल्या महायुद्धातील अमेरिकेत सापडते. नोव्हेंबर १९१६मध्ये वुड्रो विल्सन दुसऱ्यांदा अध्यक्ष म्हणून निवडून आले, तेव्हा ‘यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवले’ ही त्यांच्या बाजूची गाजलेली घोषणा होती. ६ एप्रिल १९१७ रोजी त्याच विल्सन यांच्या मागणीवरून अमेरिकी काँग्रेसने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. मधल्या काळात जर्मनीने व्यापारी जहाजांवर पाणबुड्यांचे सरसकट हल्ले पुन्हा सुरू केले होते, त्यामुळे युद्धाला सबळ कारण नव्हते असे म्हणता येणार नाही. पण सभागृहाने ठराव करणे वेगळे आणि लाखो कुटुंबांनी आपली मुले समुद्रापार लढायला पाठवण्यास मनापासून राजी होणे वेगळे. हा फरक विल्सन यांना नेमका ठाऊक होता. म्हणूनच युद्ध पुकारल्यावर आठवडाभरातच, १३ एप्रिलला, त्यांनी लोकमाहिती समिती नेमली आणि जॉर्ज क्रील या पत्रकाराला तिचे प्रमुख केले.

या समितीने पोस्टर काढली, चित्रपट काढले, वृत्तपत्रांना रोज तयार मजकूर पुरवला. पण तिची सर्वांत विचार करण्याजोगी योजना होती ती चार मिनिटांच्या वक्त्यांची. त्या काळी चित्रपटगृहात रीळ बदलायला चारेक मिनिटे लागत. त्या अवधीत एक स्वयंसेवक पडद्यासमोर उभा राहून युद्धाविषयी बोलत असे. असे सुमारे ७५,००० वक्ते देशभर नेमले गेले. विषय कोणता घ्यायचा आणि कोणत्या मुद्द्यांवर भर द्यायचा याच्या सूचना वॉशिंग्टनहून येत, मात्र बोलणारा माणूस त्याच गावातला असे. तो वकील असे, व्यापारी असे, शिक्षक असे. ऐकणारे त्याला वर्षानुवर्षे ओळखत असत आणि त्याच्या शब्दावर एरवीही विश्वास ठेवत असत.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. हुकूमशहा हुकूम देतो. लोकशाहीतील सरकारला मात्र हुकूम देऊन भागत नाही, त्याला संमती गोळा करावी लागते, आणि ती ज्यांची समाजात आधीच पत आहे अशा माणसांकडून ती पत उसनी घेऊन गोळा करता येते. ब्रिटनने हे अमेरिकेच्याही आधी ओळखले होते. सप्टेंबर १९१४मध्ये, युद्ध सुरू होऊन महिना उलटत असतानाच, सरकारच्या नव्या प्रचार कचेरीचे प्रमुख चार्ल्स मास्टरमन यांनी लंडनच्या वेलिंग्टन हाउसमध्ये देशातील नामांकित साहित्यिकांची बैठक बोलावली. आर्थर कॉनन डॉईल, एच. जी. वेल्स, थॉमस हार्डी यांच्यासारखे लेखक तेथे होते. त्या कचेरीने पुढे जो मजकूर काढला, त्यावर सरकारचे नाव नसे. तो नेहमीच्या खाजगी प्रकाशकांच्या नावाने बाहेर पडे आणि अमेरिकेतील वजनदार लोकांपर्यंत ओळखीच्या माणसाच्या वैयक्तिक पत्रासह पोहोचे. हाती घेणाऱ्याला तो एका सुसंस्कृत मित्राने पाठवलेला वाचनीय मजकूर वाटे. त्यामागे सरकार आहे अशी शंका यायला काही जागाच नसे.

आता स्वतंत्र वृत्तपत्रे आणि विरोधी पक्ष यांच्याविषयी. त्यांच्यावर बंदी घालावी लागते असे नाही. युद्ध जवळ आले की विरोधी पक्षाला ‘या वेळी फूट दिसता कामा नये’ असे वाटू लागते. वार्ताहराला सरकारी गोटातील माहिती हवी असते, आणि जो अडचणीचे प्रश्न विचारतो त्याला ती मिळेनाशी होते. संपादकाला वाचकांच्या रागाची धास्ती असते. शिवाय संकटात नेत्याभोवती गोळा होणे ही लोकांचीही स्वाभाविक वृत्ती आहे. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर गॅलपच्या पाहणीत अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या कामाला पसंती देणाऱ्यांचे प्रमाण दोन आठवड्यांत ५१ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेले. दोन आठवड्यांत बुश यांचा कारभार पालटला नव्हता. लोक घाबरलेले होते, आणि घाबरलेला समाज जितक्या सहज विश्वास टाकतो तितका तो एरवी कधी टाकत नाही.

प्रचार म्हणजे शेवटी खोटे बोलणेच. मग खोटे उघडकीला आणले की काम झाले, असे का समजू नये? (एक वकील)

कारण प्रचारातील सर्वांत प्रभावी भाग पुष्कळदा खरा असतो. मराठीत आपण प्रचार आणि अपप्रचार असे दोन शब्द वापरतो, आणि त्यांतला ‘अप’ नेहमी समोरच्याच्याच वाट्याला येतो. आपल्या बाजूने अपप्रचार झाला, असे सहसा कोणी म्हणत नाही. अशी विभागणी मनात पक्की असली की आपल्या बाजूने सांगितलेले अर्धसत्य आपल्याला दिसतच नाही.

जानेवारी १९१७मध्ये जर्मन परराष्ट्रमंत्री आर्थर झिमरमान यांनी मेक्सिकोतील आपल्या वकिलातीला सांकेतिक तार पाठवली. अमेरिका युद्धात उतरलीच तर मेक्सिकोने जर्मनीशी हातमिळवणी करावी, आणि त्या बदल्यात टेक्सास, न्यू मेक्सिको आणि अ‍ॅरिझोना हे गमावलेले प्रदेश परत मिळवायला जर्मनी त्याला साहाय्य करील, असा तिचा मतलब होता. ब्रिटिशांनी ती तार पकडली आणि उलगडली, पण लगेच अमेरिकेला दिली नाही. आपण जर्मनांचे संकेत वाचतो हे कळू नये म्हणून त्यांनी मेक्सिकोतून तिची दुसरी प्रत मिळवली आणि मगच ती पुढे केली. १ मार्चला ती अमेरिकी वृत्तपत्रांत झळकली. अनेकांना ती बनावट वाटली, परंतु ३ मार्चला खुद्द झिमरमान यांनीच ती आपली असल्याचे कबूल केले. तारेतील शब्दन् शब्द खरा होता. ब्रिटिशांच्या हातात होते ते फक्त ती केव्हा आणि कोणत्या वाटेने बाहेर यावी हे ठरवणे, आणि तेवढे पुरेसे ठरले. याच ब्रिटिशांनी ५ ऑगस्ट १९१४ रोजी, म्हणजे युद्धाच्या दुसऱ्याच दिवशी, जर्मनीच्या समुद्राखालील तारवाहिन्या तोडल्या होत्या. त्यामुळे युरोपातील घडामोडी अमेरिकेला मुख्यत्वे ब्रिटिशांच्या नियंत्रणाखालील तारांतून कळत. बातम्या खोट्या नसतील, पण एकाच बाजूच्या बातम्या आल्या की मत त्या बाजूला झुकणारच.

दुसरा प्रकार खऱ्यात खोटे मिसळण्याचा. त्याचे परिणाम मला सर्वांत भयंकर वाटतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ऑगस्ट १९१४मध्ये बेल्जियममध्ये शिरलेल्या जर्मन सैन्याने खरोखरच अत्याचार केले. दिनाँ या गावात २३ ऑगस्टला ६७४ नागरिक मारले गेले. २५ तारखेला लूव्हाँ येथील विद्यापीठाचे ग्रंथालय जाळण्यात आले. बेल्जियम आणि फ्रान्स मिळून सुमारे ६,५०० नागरिकांचे प्राण त्या मोहिमेत गेले. हे एवढे सत्य कोणालाही हादरवायला पुरेसे होते. पण मे १९१५मध्ये जेम्स ब्राइस यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा जो अहवाल ब्रिटनने प्रसिद्ध केला, त्यात सुमारे १,२०० जबाबांचा आधार घेतला होता आणि ते जबाब शपथेवर घेतलेले नव्हते. साक्षीदारांची नावे दिली नव्हती. सिद्ध होण्याजोग्या घटनांच्या शेजारी लहान मुलांचे हात तोडल्याच्या ऐकीव कहाण्याही तेवढ्याच गांभीर्याने छापल्या गेल्या होत्या. ब्राइस हे ख्यातनाम विद्वान आणि अमेरिकेतील माजी राजदूत होते. आपण वकील आहात, तेव्हा आपल्या ध्यानात येईल की पुराव्यातील फटी तेथे अध्यक्षांच्या नावाने बुजवल्या गेल्या.

एप्रिल १९१७मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांनी याच्याही पुढची मजल मारली. जर्मन लोक स्वतःच्या मृत सैनिकांची प्रेते उकळून चरबी काढतात, अशी बातमी त्यांनी दिली. जर्मन वृत्तांतात ‘काडाव्हर’ हा शब्द होता. तो जर्मन भाषेत जनावरांच्या मढ्यांसाठी वापरतात आणि तो कारखानाही मेलेल्या जनावरांचाच होता. ध चा मा झाला आणि जगभर पसरला. १९२५मध्ये परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी ब्रिटिश संसदेत जर्मनीचा इन्कार स्वीकारला, तेव्हा लोकांना आपण फसवलो गेल्याची जाणीव झाली. तोवर त्या युद्धातील अनेक कहाण्यांचा फोलपणा उघड होऊ लागला होता, आणि लोकांनी खोट्याबरोबर खरेही फेकून दिले. दिनाँमधले बळीसुद्धा अनेकांच्या लेखी ‘प्रचार’ ठरले.

खोटे उघडकीला आणले की काम झाले असे का म्हणता येत नाही, ते यापुढच्या घटनेवरून दिसते. दुसऱ्या महायुद्धात नाझी छळछावण्यांतील सामूहिक हत्याकांडाच्या बातम्या लंडनला पोहोचू लागल्या. त्यांविषयी ऑगस्ट १९४३मध्ये ब्रिटिश संयुक्त गुप्तवार्ता समितीच्या अध्यक्षांनी शंका व्यक्त केली आणि तसे करताना मागच्या युद्धातील त्या प्रेतांच्या चरबीच्या थापेचा दाखला दिला. १९१७ साली उसनी घेतलेली पत कोणी फेडली, तर ज्यांचा त्या थापेशी काडीमात्र संबंध नव्हता अशा माणसांनी.

महाभारतातील द्रोणपर्व आपण सर्वांनी लहानपणी ऐकले आहे. अश्वत्थामा मेला, हे भीमाचे बोलणे द्रोणांनी मानले नाही. त्यांनी युधिष्ठिराला विचारले, कारण तो खोटे बोलणार नाही याची त्यांना खात्री होती. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मारला गेला होता. ‘नरो वा कुंजरो वा’ हे आपण म्हणीसारखे वापरतो, पण त्यानंतरची ओळ फारशी कोणाला आठवत नाही. तोवर जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. १९९० साली कुवेतमधील रुग्णालयात इराकी सैनिकांनी नवजात बाळांना काचपेटीतून बाहेर काढून मारल्याची कहाणी जगभर सांगितली गेली आणि पुढे ती खोटी निघाली. इतकी गंभीर गोष्ट कोणीच कशी तपासली नाही? (एक डॉक्टर)

ती तपासली जाऊ नये, अशीच तिची मांडणी होती. १० ऑक्टोबर १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये काँग्रेस सदस्यांच्या मानवी हक्कविषयक गटासमोर एका १५ वर्षांच्या कुवेती मुलीने रडत रडत सांगितले की, आपण रुग्णालयात काम करत असताना सैनिकांनी बाळांना इन्क्युबेटरमधून काढून थंडगार फरशीवर मरायला सोडलेले आपण पाहिले. हा गट काँग्रेसची अधिकृत समिती नव्हता. तेथे शपथ घ्यावी लागत नव्हती आणि खोटे बोलल्यास शिक्षेची तरतूद नव्हती. मुलीचे पूर्ण नाव गुप्त ठेवण्यात आले आणि त्याचे कारण असे दिले गेले की कुवेतमधील तिच्या नातेवाइकांना धोका होईल. हे कारण ऐकल्यावर कोणता सभ्य माणूस अधिक खोलात शिरेल?

ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची कन्या होती. ही साक्ष घडवून आणण्यात कुवेतच्या पैशावर काम करणाऱ्या एका जनसंपर्क कंपनीचा हात होता. ही हकीकत जानेवारी १९९२मध्ये उघड झाली, तोपर्यंत १९९१चे आखाती युद्ध संपून जवळजवळ वर्ष होत आले होते. त्याआधी तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष थोरले बुश यांनी ती कहाणी आपल्या भाषणांतून अनेकदा सांगितली होती, आणि अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलसारख्या मान्यवर संघटनेनेही तिला डिसेंबर १९९०मध्ये दुजोरा दिला होता. तो दुजोरा नंतर मागे घेण्यात आला. अमेरिकी सेनेटमध्ये युद्धाला मान्यता देणारा ठराव ५२ विरुद्ध ४७ अशा निसटत्या फरकाने संमत झाला होता आणि त्या चर्चेत काही सदस्यांनी या बाळांचा उल्लेख केला होता. केवळ त्या एका कहाणीमुळे मते फिरली असे मी म्हणणार नाही. कुवेतवरील आक्रमण खरे होते आणि तिथल्या लोकांचे हालही खरे होते. नेमके म्हणूनच एक बनावट साक्ष त्यांत सहज खपून गेली.

आपण डॉक्टर असल्यामुळे एक गोष्ट सुचवतो. या कहाणीतील तपशील वैद्यकीय होता. त्या रुग्णालयात किती इन्क्युबेटर होते, एका वेळी किती बाळे तेथे ठेवता येत असत, एवढे विचारले असते तरी सांगितल्या जाणाऱ्या आकड्यांचा फुगवटा लक्षात आला असता. अशा वेळी त्या त्या क्षेत्रातल्या जाणकारांनी गप्प न राहता आकडेमोड करावी, असे मला फार वाटते.

पुढच्या इराक युद्धात तपासणी टळण्याची आणखी एक रीत दिसली. ८ सप्टेंबर २००२ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर बातमी दिली की अण्वस्त्रांसाठी लागणाऱ्या विशिष्ट अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या मिळवण्याची इराकची खटपट चालू आहे. माहिती देणारे अधिकारी सरकारातील होते आणि अनामिक होते. त्याच दिवशी सकाळी उपाध्यक्ष डिक चेनी यांनी दूरचित्रवाणीवर त्या वृत्तपत्राचाच हवाला देऊन तेच सांगितले. प्रेक्षकाला वाटले की सरकार आणि एक नामवंत वृत्तपत्र असे दोन स्वतंत्र साक्षीदार एकच सांगत आहेत, जेव्हा मुळात साक्षीदार एकच होता. त्या नळ्या अण्वस्त्रांसाठी नव्हत्या आणि इराकमध्ये सामूहिक संहाराच्या अस्त्रांचे साठेही सापडले नाहीत. मे २००४मध्ये त्या वृत्तपत्राने वाचकांसमोर आपल्या त्या काळातील काही बातम्यांची कठोर उलटतपासणी केली. तिचे मोल मी कमी लेखत नाही, पण तोवर युद्ध सुरू होऊन वर्ष लोटले होते.

प्रचाराचा परिणाम खरोखर इतका होतो का? लोक इतके भोळे असतात का? (एक पदवीपूर्व विद्यार्थिनी)

लोक भोळे नसतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने नव्या सैनिकांसाठी युद्ध का लढायचे हे समजावणारे चित्रपट काढले आणि कार्ल हॉवलंड या मानसशास्त्रज्ञाच्या गटाने त्यांचा परिणाम मोजला. चित्रपट पाहिलेल्यांची माहिती निश्चित वाढली होती, काही मुद्द्यांवरची मतेही बदलली होती, मात्र लढण्याची इच्छा जवळजवळ जिथल्या तिथेच होती. थोरल्या बुश यांना १९९१च्या आखाती युद्धानंतर ८९ टक्के लोकांची पसंती होती आणि तरी पुढच्याच वर्षी ते निवडणूक हरले. तसेच १९६७च्या अखेरीस व्हिएतनाममध्ये आपली सरशी होत असल्याचे अमेरिकी सेनापती सांगत होते. जानेवारी १९६८मध्ये टेट सणाच्या वेळी शंभराहून अधिक शहरांवर एकदम हल्ले झाले, आणि सांगितलेले व दिसणारे यांतील अंतर घराघरांतील दूरचित्रवाणी संचावर उघडे पडले.

मात्र जिथे स्वतःचा अनुभव नसतो तिथे वारंवार ऐकलेले खरे वाटू लागते. १९७७मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवले की एखादे विधान केवळ पुन्हापुन्हा कानांवर पडल्यामुळे अधिक विश्वसनीय वाटते. ऑगस्ट २००३मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या पाहणीत ६९ टक्के अमेरिकनांना ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात सद्दाम हुसेन यांचा हात असण्याची शक्यता वाटत होती. अध्यक्षांनी तसा थेट आरोप केला नव्हता, आणि पुढच्याच महिन्यात तसा पुरावा नसल्याचे त्यांनी स्वतः सांगितले. परंतु महिनोन्‌महिने भाषणांत सद्दाम आणि ११ सप्टेंबर ही दोन नावे शेजारी शेजारी येत राहिली होती आणि उरलेले वाक्य ऐकणाऱ्यांनी मनातल्या मनात पूर्ण केले होते.

माझा मुलगा सैन्यात आहे. तो सीमेवर असताना घरी बसून युद्धाविषयी शंका काढणे मला त्याच्याशी प्रतारणा केल्यासारखे वाटते. माझे चुकते का? (एक आई)

ताई, आपले पत्र मी अनेकदा वाचले. आपली भावना चुकीची नाही. ती प्रत्येक देशातील प्रत्येक सैनिकाच्या घरी असते, आणि प्रचार करणाऱ्यांना ती ठाऊक असते, म्हणूनच धोरणाविषयी विचारलेला प्रश्न सैनिकावरचा अविश्वास म्हणून दाखवला जातो. सैन्य कुठे आहे, कधी हलणार आहे, ही माहिती गुप्त राहायलाच हवी, कारण त्यावर आपल्या मुलाचे प्राण अवलंबून आहेत. पण युद्ध कशासाठी, किती काळ आणि कोणत्या पुराव्यावर, हे प्रश्न त्या गुप्ततेत मोडत नाहीत. त्यांची खरी उत्तरे मिळण्याचा हक्क सर्वांत आधी आपला आहे.

युद्धाची किंमत लपवली गेली तर ती किंमत मोजणारे एकटे पडतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने आपल्या मृत सैनिकांची छायाचित्रे जवळजवळ दोन वर्षे छापू दिली नाहीत. सप्टेंबर १९४३मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात न्यू गिनीतील बुना किनाऱ्यावर पडलेल्या तीन सैनिकांचे छायाचित्र आले, तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळले की दूर तिकडे काय चालले आहे. त्याने देशाचे धैर्य खचले नाही. तरीही १९९१पासून २००९पर्यंत, म्हणजे तब्बल अठरा वर्षे, अमेरिकेतील डोव्हरच्या हवाई तळावर उतरणाऱ्या सैनिकांच्या शवपेट्यांची छायाचित्रे घ्यायला वृत्तपत्रांना मनाई होती.

आणि शंका घेणाऱ्यांना काय भोगावे लागते, तेही सांगायला हवे, कारण आपल्याला वाटणारी भीती निराधार नाही. जून १९१८मध्ये कँटन, ओहायो येथे युद्धाविरुद्ध भाषण केले म्हणून यूजीन डेब्ज या समाजवादी नेत्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२०ची अध्यक्षीय निवडणूक त्यांनी तुरुंगातून लढवली आणि नऊ लाखांहून अधिक लोकांनी त्यांना मत दिले. त्यांची सुटका १९२१च्या डिसेंबरात झाली. त्याआधी एप्रिल १९१८मध्ये इलिनॉयमधील कॉलिन्सव्हिल येथे जर्मनीत जन्मलेल्या एका कामगाराला जमावाने झाडाला लटकावून मारले होते, आणि खटला चालून सारे आरोपी निर्दोष सुटले होते. तो जमाव सरकारने पाठवला नव्हता. प्रत्येक परका माणूस हेर असू शकतो असे वर्षभर ऐकलेल्या शेजाऱ्यांचा तो जमाव होता.

प्रचार ओळखायला शाळेत शिकवता येईल का? (एक मुख्याध्यापिका)

येईल आणि तसे झालेही आहे. १९३७मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रचाराच्या विश्लेषणासाठी एक संस्था निघाली. तिने प्रचाराच्या सात युक्त्या सोप्या भाषेत मांडल्या आणि त्यांवरचे साहित्य शाळांना पुरवले. नावे ठेवणे, गुळगुळीत उदात्त शब्द वापरणे, सोयीचे तेवढेच पुरावे पुढे करणे, ‘सगळेच आपल्या बाजूला आहेत’ असे भासवणे, या त्यांपैकी काही. पण १९४२मध्ये, अमेरिका स्वतः युद्धात उतरल्यावर, ती बंद पडली. शत्रूच्या प्रचाराइतक्याच अलिप्तपणे आपल्या सरकारच्या प्रचाराचेही विश्लेषण करणे त्या वातावरणात शक्य राहिले नाही. म्हणून माझी विनंती अशी की हे शिक्षण शांततेच्या काळातच द्यावे, आणि उदाहरणे घेताना निदान निम्मी आपल्या बाजूची घ्यावीत.

समाजमाध्यमांवर आता सर्व बाजूंची माहिती मिळते. मग जुन्या प्रचाराची ही उदाहरणे आज लागू पडतात का? (एक संगणक अभियंता)

पडतात, मात्र वाटा बदलल्या आहेत. पूर्वी चार मिनिटांचा वक्ता नेमावा लागे, आज आपणच तो असतो. ओळखीच्या माणसाने पुढे पाठवलेला संदेश त्याची पत घेऊन फिरतो आणि तो मुळात कोणी तयार केला हे विचारायचे राहून जाते. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर ‘कीव्हचे भूत’ म्हणून ओळखल्या गेलेल्या एका वैमानिकाची कीर्ती काही तासांत जगभर झाली. एप्रिलच्या अखेरीस युक्रेनच्या हवाई दलानेच तो एक कल्पित वीर असल्याचे स्पष्ट केले. आक्रमण झालेल्या देशाविषयी सहानुभूती असलेल्या लक्षावधी लोकांनी ती कथा कोणाच्याही सांगण्याशिवाय पसरवली होती.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. आक्रमणापूर्वी कित्येक आठवडे अमेरिका आणि ब्रिटन आपली गुप्त माहिती उघड करून सांगत होते की रशिया हल्ला करणार आहे. ती माहिती खरी होती. पण युरोपातील अनेक राजकारण्यांनी आणि पत्रकारांनी तिच्यावर विश्वास ठेवला नाही, आणि कारण विचारल्यावर इराकचे नाव पुढे आले. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत इराकच्या अस्त्रांविषयी मांडलेले पुरावे लोक विसरले नव्हते. पॉवेल हे त्या सरकारातील सर्वांत विश्वासार्ह गृहस्थ मानले जात, आणि त्यांच्या बोलण्याचे वजन पडले ते त्यामुळेच. ते भाषण आपल्या कारकिर्दीवरचा डाग आहे, हे त्यांनी पुढे स्वतः मान्य केले.

आपल्या पत्राच्या शेवटी आपण विचारले आहे की अशा प्रकरणात खरे बाहेर यायला साधारण किती काळ लागतो. ठरावीक असे काही नाही, पण एक उदाहरण देतो. ४ ऑगस्ट १९६४च्या रात्री टोंकिनच्या आखातात आपल्या युद्धनौकांवर उत्तर व्हिएतनामने दुसऱ्यांदा हल्ला केल्याचे अमेरिकी सरकारने जाहीर केले. तीनच दिवसांत काँग्रेसने अध्यक्षांना लष्करी कारवाईची मोकळीक देणारा ठराव केला. प्रतिनिधिगृहात त्याच्या विरोधात एकही मत पडले नाही. सेनेटमध्ये ८८ जण बाजूने होते आणि वेन मॉर्स व अर्नेस्ट ग्रुनिंग हे दोघेच विरोधात. त्या रात्री हल्ला झालाच नव्हता, आणि पकडलेल्या संदेशांपैकी दाव्याशी विसंगत असलेले बहुतेक बाजूला ठेवले गेले होते, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतील एका इतिहासकाराने काढला. त्याचा लेख २००५ साली लोकांसाठी खुला झाला. मॉर्स आणि ग्रुनिंग हे दोघेही १९६८मध्ये आपापल्या जागा गमावून बसले होते आणि १९७४मध्ये दोघेही वारले होते.